ग्लासगोत कान लागला तेव्हा

मी मूळची मिरजेची. घरापासून चार पावलांवर सतारमेकरांची दुकानं, त्यामुळे तंबोऱ्याला तारा चढवणं, जवारी काढणं, तासन्‌तास तो लावत बसणं, हे सगळं शाळेत जाता-येता पाहिलेलं. नोकरीच्या निमित्तानं स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला आले, तेव्हा इथलं संगीत ऐकायचंच हे ठरवून आले होते. पण सुरुवातीचे दोन महिने हाती काहीच लागलं नाही.

चूक सोपी होती. गाण्यांच्या अ‍ॅपवर मी ‘सेल्टिक’ एवढाच शब्द टाकत होते. स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, ब्रिटनी अशा भागांतल्या लोकसंगीताला मिळून हे नाव देतात. त्यावर लाटांचा आवाज, त्यावर तरंगणारी बासरी आणि झोप लागावी म्हणून केलेलं मंद संगीत, असलं काहीबाही यायचं. त्यात माणसं ऐकू येत नव्हती. बाहेर बुकॅनन स्ट्रीटवर किल्ट घालून मोठा बॅगपाइप वाजवणारे असायचे. ते कानाला आवडायचे, पण आज इथली तिशीतली मंडळी काय वाजवतात, ते त्यातून कळेना.

वाट दाखवली ती ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं. तो स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या हेब्रिडीज बेटांपैकी एकावरचा, घरी गेलिक ही तिथली जुनी भाषा बोलणारा. तो म्हणाला, ‘सेल्टिक’ हा दुकानातल्या फळीवरचा शब्द आहे, वाजवणारे तो फारसा वापरत नाहीत. तू बेट शोध, वाद्य शोध, भाषा शोध. आणि गुरुवारी सेशनला ये.

सेशन म्हणजे पबच्या कोपऱ्यातलं एक टेबल आणि त्याभोवती बसलेली सात-आठ माणसं. दोन फिडल म्हणजे व्हायोलिनच, एक बासरी, एक कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरून दाबायची छोटी भात्याची पेटी, गिटार आणि बोध्रान म्हणजे बकरीच्या चामड्याचा हातात धरायचा डफ. स्टेज नाही, माइक नाही. कुणीतरी एक धून सुरू करतं, ज्यांना येते ते सामील होतात, न येणारे वाद्य मांडीवर ठेवून ऐकतात. धून बहुतेकदा तीनदा फिरते आणि मग न थांबता दुसरीत शिरते. ती वळणाची जागा जवळून पाहण्यासारखी असते. सुरू करणारी बाई नुसती भुवई उचलते, गिटारवाला मान हलवतो आणि पुढच्या क्षणाला अख्खं टेबल नव्या सुरावर गेलेलं असतं. धुनांचे प्रकार तालावरून ओळखायचे. जिग सहाचा, आपल्या दादऱ्यासारखा मोजता येतो. रील चारचा, पण धावता. स्लिप जिग नऊचा, तो अंगात भिनायला मला महिना लागला. समोर कागद कुणाच्याच नव्हता, सगळं ऐकून ऐकून बसलेलं. ही शिकण्याची रीत माझ्या ओळखीची होती, त्यामुळे परकं वाटेना.

मध्यंतरात मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: घरी तुम्ही कुणाला ऐकता? मला शोध लागला तो या प्रश्नानं. पण पंचाईत व्हायची नावांची. गेलिक आणि आयरिश स्पेलिंग पाहून उच्चार कळत नाही आणि उच्चार ऐकून स्पेलिंग सुचत नाही. मग मी दोनशे पानी वही घेतली आणि कानावर पडेल तसं नाव देवनागरीत लिहू लागले. शेजारी त्या माणसाकडूनच रोमन स्पेलिंग लिहून घ्यायचे. त्यांच्या घशातल्या ‘ख़’ला आपल्याकडे नुक्ता देऊन अक्षर आहे, हे पाहून सहकाऱ्याला केवढा आनंद झाला!

वहीचं पहिलं पान: ब्रीचा ख़ाइंबल. स्काय बेटाची, स्मॉलपाइप्स वाजवणारी. हा बॅगपाइपचाच लहान भाऊ, पण तोंडानं फुंकायचा नाही. उजव्या कोपराखाली छोटा भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी आणि मांडीवर आडव्या नळ्या, त्यांतून षड्ज-पंचम अखंड चालू. 2019 चा ‘द रीलिंग’ हा तिचा अल्बम मी हेडफोनवर लावला आणि धून सुरू होण्याआधीच थबकले. बोटं नुकती हलायला लागली होती, पण खालचा सूर असा भरून आला होता की डोळ्यांसमोर मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाच उभा राहिला.

मग एकातून एक सापडत गेलं. डब्लिनच्या लंकम या बँडचा 2023 चा ‘फॉल्स लंकम’ म्हणजे जुनी गाणी आणि त्यांखाली इलन पाइप्स म्हणजे भात्यावरचा आयरिश बॅगपाइप, कॉन्सर्टिना नि पेटीचा जाडजूड, कधी कधी भीती वाटावी असा स्वर. द ग्लोमिंग या बँडच्या 2014 च्या पहिल्या अल्बममधली एक रचना पाव तासाहून मोठी आहे. ती ईअर्ला ओ लिनार्डच्या गाण्यानं अगदी सावकाश उघडते आणि मार्टिन हेजचं फिडल तिला पायरी-पायरीनं द्रुत लयीत नेतं. विलंबित ऐकणाऱ्या माणसानं सुरुवात इथूनच करावी, असं मी कुणालाही सांगेन. हेब्रिडीजमधल्या नॉर्थ यूस्ट बेटाची गायिका ज्यूली फाउलिस तोंडानं नाचाची लय धरते. त्या प्रकाराला ‘पुर्श्ट अ बिअल’ म्हणतात, वाद्य नसेल तेव्हा नाचायला गळ्यावर म्हणायच्या धुना. वेल्सचा व्री हा बँड, स्पेनमधल्या गॅलिशियाचा पाइपवादक कार्लोस नूनेस हेही वहीत आहेत. फ्रान्समधल्या ब्रिटनीतल्या ‘कान हा दिस्कान’ या गायनप्रकारामध्ये एकाची ओळ संपायच्या आत दुसरा तिची शेवटची अक्षरं उचलतो, त्यामुळे श्वासाला फट म्हणून राहत नाही. तो ऐकताना मला वारीतले टाळकरी आठवले.

जानेवारीत ‘सेल्टिक कनेक्शन्स’ आला. हा महोत्सव 1994 पासून ग्लासगोत भरतो, ऐन थंडीत. मी एक कार्यक्रम ओल्ड फ्रूटमार्केटमध्ये ऐकला. ते खरंच पूर्वीचं फळबाजाराचं आवार, जुन्या व्यापाऱ्यांच्या नावांच्या पाट्या अजून तिथे आहेत. शेजारी उभ्या असलेल्या आजींनी मला मार्टिन बेनेट या स्कॉटिश संगीतकाराचं नाव दिलं. त्यानं आजारपणात 2003 चा ‘ग्रिट’ केला. भटक्या गायकांची आणि गेलिक गाणाऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रणं त्यानं त्यात इलेक्ट्रॉनिक तालांवर बसवली. 2005 मध्ये तो गेला, वय तेहेतीस. दहा वर्षांनी याच महोत्सवाच्या उद्घाटनाला मोठ्या वाद्यवृंदानं तो अख्खा अल्बम वाजवला. आजी तेव्हा सभागृहात होत्या. सांगताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. घरी जाऊन मी ‘ग्रिट’ ऐकला आणि मग ‘टोबर अन दुअल्खस’ या स्कॉटलंडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांच्या संग्रहात ऑनलाइन शिरले. मासेमारी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसांचे स्वयंपाकघरात टिपलेले आवाज तिथे हजारोंनी आहेत. आजच्या बँडचं मूळ कळायला हा संग्रह मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. आवडलेल्यांचे अल्बम मी विकत घेते, ही मंडळी त्यावरच पुढचा दौरा काढतात.

गेल्या रविवारी काकांना फोन केला. त्यांचा हात आता थरथरतो, पण पूर्वी ते दुकानात तंबोरे लावायचे. मी काही न सांगता स्पीकरसमोर फोन धरला आणि ब्रीचाची स्मॉलपाइप लावली. दोन मिनिटं पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

“काका?”

“थांब जरा, बोलू नगंस. खर्ज चांगला लागलाय.” मग थोड्या वेळानं, “कोण गं ही पोरगी? नाव सांग, लिहून घेतो.”

मी वही उघडली आणि पहिलं पान वाचून दाखवलं.