घाटावर, घाटात, घाटाखाली

चिपळूणचा माणूस ‘घाटावर गेलाय’ म्हणतो तेव्हा तो कऱ्हाडला असेल, साताऱ्याला असेल, अगदी सोलापूरलाही असेल. तो कुंभार्ली घाटाच्या वळणावर बसलेला नसतो. वळणावर गाडी बंद पडली तर ती ‘घाटात’ अडकली. नदीच्या पायऱ्यांचा घाट आणखी वेगळा. आणि नुसतं ‘वर गेलाय’ म्हणायचं नाही, लोक सुतकाची चौकशी करतील.

डोंगर ओलांडून माणूस पलीकडे उतरतो. मग ‘पलीकडे’ न म्हणता ‘वर’ का? कारण सह्याद्रीला पलीकडचा उतार जवळजवळ नाहीच. बोरघाट बघा. कर्जतहून लोणावळ्याला चढताना रेल्वेला 37 मीटरमागे 1 मीटर असा चढ लागतो, म्हणून गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात. लोणावळा सुमारे 620 मीटरवर आणि पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवरचं पुणं सुमारे 560 मीटरवर. म्हणजे चढलेलं माणूस वरच राहतं. त्या पठाराला देश म्हणतात, म्हणून ‘घाटावर’ आणि ‘देशावर’ बहुतेक वेळा एकच. घाटमाथा मात्र कड्यालगतची अरुंद पट्टी. तिथला पाऊस इतका निराळा की हवामान खात्याच्या इशाऱ्यांत ‘पुणे घाट’, ‘सातारा घाट’ असे वेगळे रकाने असतात.

कोकणाच्या आतही वर-खाली आहेच: डोंगराकडची वलाटी, समुद्राकडची खलाटी.

खरी गंमत ‘मावळ’ या नावात आहे. सूर्य मावळतो ती बाजू, म्हणून पुण्याच्या पश्चिमेची खोरी ती मावळं: आंदर, नाणे, पवन. पण कर्जतवरून पाहिलं तर त्याच खोऱ्यांच्या बाजूने सूर्य उगवतो! नाव ठेवणारा देशावर उभा होता, यात मला तरी शंका वाटत नाही. ‘घाटी’चं उलट. हा शब्द खालच्यांनी वरच्यांना लावला. मुंबईत तो हिणवायला वापरला गेला, तेव्हा मसाल्याला आणि चटणीला खुशाल लावावा, माणसाला लावताना जपून.

चढाचा हा हिशेब ‘तळकोकणा’त मात्र चालत नाही. सावंतवाडी काही अलिबागपेक्षा सखल नाही, ती दक्षिणेला आहे, एवढंच. इथे ‘तळ’ नकाशाचा धरायचा.