ठेचलेला लसूण आणि दहा मिनिटे

शेंगदाण्याची चटणी उखळात कुटताना आई लसणाच्या पाकळ्या टाकते आणि पहिल्या दोन-चार घावांतच जो उग्र वास नाकात चढतो तो ॲलिसिनचा असतो. अख्ख्या पाकळीत हे द्रव्य नसते, पेशी फुटून आतले विकर (एन्झाइम) मोकळे झाले की ते तयार होते. ठेचलेला लसूण लगेच तापल्या तेलात टाकल्यास हे विकर निकामी होते, म्हणून मी तो दहा मिनिटे तसाच ठेवते.

काका जठराच्या कर्करोगाने गेल्यापासून मी लसूण-कांदा आणि कर्करोग या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. चीनच्या शांडोंग प्रांतातील ५६४ रुग्ण आणि १,१३१ इतर व्यक्तींच्या आहाराची तुलना १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कांदा-लसूण भरपूर खाणाऱ्यांत हा आजार बराच कमी आढळला. मात्र त्याच प्रांतात पुढे लसणाच्या अर्काच्या गोळ्या सात वर्षे देऊनही जठरातील कर्करोगपूर्व बदल घटले नाहीत.

सोलापूरच्या बाजार समितीतून पोतेभर कांदा आणणारे शेजारचे मामा गालात तंबाखूचा बार धरूनच बसतात. कांद्याने तंबाखूची भरपाई होत नाही, हे मी त्यांना कळकळीने सांगितले. परवा ते तोंडाच्या तपासणीला माझ्याबरोबर आले.