4 किलो मातीतलं 80 ग्रॅम पाणी

जुलैचा पाऊस बाहेर धो धो कोसळत होता आणि ब्लोन फिल्मच्या मशीनवर, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक हवेने फुगवून पातळ फिल्म काढणाऱ्या यंत्रावर, फुगा काही केल्या उभा राहत नव्हता. डायवरून, म्हणजे प्लास्टिक बाहेर येतं त्या तोंडावरून, हातभर चढायचा की फाटलाच.

आमचं मिश्रण पीएलए आणि पीबीएटी या दोन विघटनशील प्लास्टिकचं. पीएलए कडक पण ठिसूळ, पीबीएटी मऊ, ताणलं तरी न तुटणारं. त्यात वजनाने 4 टक्के माती, म्हणजे प्रक्रिया केलेलं मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाड. हे पापुद्रे सुटे होऊन पसरले तर पाण्याच्या वाफेला फिल्ममधून वळसे घालत जावं लागतं. सगळी खटपट त्यासाठीच.

बिनमातीचा लॉट आदल्या दिवशी सुरळीत गेला होता. माती घातली की वितळलेला माल घट्ट व्हायला हवा, इथे तो पातळ झालेला. एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप, काढला, तर तो कितीतरी वाढलेला.

ऑपरेटर काकांनी फाटका तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला. आत तांदळाच्या कणीएवढे लांबट बुडबुडे.

"मॅडम, माल ओला आहे."

"दाणे रात्रभर वाळवलेत, काका."

"दाणे वाळवलेत. माती?"

माती उघड्या गोणीतून थेट गेली होती. तपासली तर 2 टक्के ओलावा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 100 किलो मालात 4 किलो माती, म्हणजे 80 ग्रॅम पाणी. पीएलए आपण 250 पीपीएमखाली (दहा लाख भागांत 250 भाग पाणी) वाळवतो, म्हणजे 100 किलोला फक्त 25 ग्रॅम. माल वितळतो त्या तापमानाला पाणी प्लास्टिकच्या लांब साखळ्यांमधले एस्टरचे बंध तोडतं. साखळीचं मोलर वजन लाखाच्या घरात धरलं, तर 100 किलोत साधारण एक मोल साखळ्या, आणि त्यातली प्रत्येक एकदा तोडायला एक मोल, म्हणजे 18 ग्रॅम पाणी पुरतं! बरंचसं वाफ होऊन निघून जातं, तरी हिशेब मांडताना माझा हात थांबला. वाळवणाचा तक्ता माझाच होता आणि त्यात मातीचा रकानाच नव्हता.

माती 80 अंशांवर रात्रभर वाळवली, बंद डब्यातून वापरली, दाणे नव्याने पाडले. फुगा ताठ उभा राहिला. काकांनी काही न बोलता रोल गुंडाळायला घेतला.

बुडबुडे गेले. पांढरे ठिपके मात्र राहिले, बोटाला खरखरीत लागणारे. ते पापुद्रे न सुटलेल्या मातीचे गोळे, आणि फिल्म ताणली की तिथूनच फाटते. ते वाळवून जाणार नाहीत. आता माती आधी पीबीएटीत दाट मिसळून मास्टरबॅच करून पाहणार आहे.