पाठलाग: स्पष्ट नकारापासून चार्जशीटपर्यंत, माझा अनुभव

मी नाशिकची. एका औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत अकाउंट्सचं काम करते. आमच्याकडे माल पुरवणाऱ्या एका फर्मचा माणूस बिलांच्या निमित्ताने यायचा. बिलांच्या चौकशा हळूहळू 'जेवलात का', 'आजचा निळा ड्रेस छान होता' इथपर्यंत आल्या. मी उत्तरं देणं बंद केलं, तर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन सुरू झाले. मग तो बसस्टॉपवर दिसू लागला, मग आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर. प्रकरण आता कोर्टात आहे, म्हणून त्याच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते यातून वाट कशी काढली त्याबद्दल. कारण मला मिळालेले बहुतेक सल्ले मीच माझं आयुष्य आवरतं घ्यावं असे होते. नंबर बदल. उशिरापर्यंत थांबू नकोस. नोकरी सोड, नाहीतरी पुढे लग्न करायचंच आहे.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे बाईला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे मला एका मैत्रिणीने सांगितलं. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. तिथे भेटलेल्या वकीलताईंनी माझी हकीकत ऐकून घेतली आणि आधी कलम वाचायला दिलं. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. १ जुलै २०२४ च्या आधी हेच ३५४ड होतं, जे २०१३ मध्ये जुन्या भारतीय दंडसंहितेत आलं. स्त्रीची अनिच्छा स्पष्ट दिसत असूनही पुन्हा पुन्हा तिचा पाठलाग करणं, संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हा गुन्हा आहे. तिच्या इंटरनेट, ईमेल, फोनवरच्या वापरावर पाळत ठेवणं हाही. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत. "दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत," ताई म्हणाल्या. "तू नको म्हणालीस, आणि त्यानंतरही तो थांबला नाही." पुढचं माझं सगळं वागणं या दोन वाक्यांना धरून होतं.

नकाराचा मेसेज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. "तुम्ही मला फोन किंवा मेसेज करू नका. मला भेटायला येऊ नका, माझ्या मागे येऊ नका. मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे. यापुढे संपर्क केल्यास पोलिसांत तक्रार करेन." एवढंच. त्यात 'प्लीज' नाही, 'सॉरी' नाही, 'घरी चालणार नाही' नाही, 'सध्या' तर अजिबात नाही. आपल्याकडे मुलींना नकारसुद्धा गोड शब्दांत द्यायला शिकवतात, आणि असल्या माणसाला त्या गोडव्यात फट दिसते. कारण दिलं की तो कारणावर वाद घालतो. मेसेज गेला, खाली दोन निळ्या खुणा उमटल्या, मी स्क्रीनशॉट घेतला. त्यानंतर त्याला एक अक्षरही लिहिलं नाही. त्याने माफी मागितली, शिव्या दिल्या, हात कापून घेईन म्हणाला, तरी नाही. चाळीस फोनांनंतर एकदा उत्तर दिलं तर चाळीस फोन केले की उत्तर मिळतं एवढंच तो शिकतो.

त्याला ब्लॉक करायचा मोह मोठा होता. पण ब्लॉक केलं की पुरावा येणं थांबतं, आणि तो नव्या नंबरावरून येतो तो येतोच. आम्ही मधला मार्ग काढला. घरच्यांसाठी आणि ऑफिससाठी नवं सिम घेतलं. जुना नंबर जुन्या हँडसेटमध्ये चालू ठेवला आणि तो फोन वहिनीकडे दिला. ती रोज रात्री बघायची, स्क्रीनशॉट काढायची, चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर टाकायची. मला फक्त धमकी असेल तरच सांगायची. मी हे मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण त्या व्यवस्थेने मला झोप परत मिळाली. जपून ठेवण्यासाठी ते सगळं मीच वाचायला पाहिजे असं नव्हतं. तरीही काही रात्री डोळा लागायचा नाही, तेव्हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलले. तिथे मराठीत बोलणारं माणूस मिळालं.

त्याच आठवड्यात फोनची झाडाझडती घेतली. व्हॉट्सअॅपमधले लिंक्ड डिव्हायसेस, गूगल खात्यावर कुठली उपकरणं लॉगइन आहेत ते, लोकेशन कुणाकुणाबरोबर शेअर आहे ते. सगळे पासवर्ड बदलले, दुहेरी पडताळणी सुरू केली. पार्सलच्या खोक्यांवरची नाव-पत्त्याची चिठ्ठी फाडूनच खोकं टाकायचं, हेही तेव्हापासून. फिरायला गेल्याचे फोटो घरी परतल्यावरच टाकायचे हे मामेबहिणींनाही बजावलं, कारण माझं ठिकाण त्यांच्या स्टेटसवरून कळत होतं.

आणि वही. शंभर पानी, साधी. रेघा मारून रकाने केले: तारीख, वेळ, ठिकाण, काय केलं, कुणी पाहिलं, पुरावा काय. एक नोंद अशी आहे: "मंगळवार, सायं. ६.४०. बसस्टॉपसमोरचं रसवंतीगृह. काळी बाईक, नंबर लिहून घेतला. मी बसमध्ये चढल्यावर बाईक बसच्या मागे. माझ्या स्टॉपवर उतरले तेव्हा पलीकडे उभा. सोबत ऑफिसमधल्या मॅडम. मेडिकलच्या दुकानाचा कॅमेरा त्या बाजूला आहे." 'तो विकृत आहे', 'मला खूप भीती वाटली' असं त्यात काही नाही. ताईंनी सांगितलं होतं, जे डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिही, आणि त्याच दिवशी लिही. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं, म्हणून मेडिकलवाल्या काकांना आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना लगेच लेखी विनंती दिली. काकांनी पेन ड्राइव्हवर काढून दिलं, वर पंच म्हणून सहीला उभं राहायची तयारीही दाखवली. स्क्रीनशॉट कितीही असले तरी मूळ फोन जपायचा असतो. डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नुसत्या प्रिंट काढून भागत नाही.

घरी सांगणं पोलिसांत सांगण्यापेक्षा अवघड गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला भर रस्त्यात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून दिलं, ती बातमी आईच्या मनातून गेलेली नाही. तिने आधी रडून घेतलं, मग 'उद्यापासून घरीच बस' म्हणाली. दादा त्याला गाठून हाणायला निघाला होता. वकीलताईंनी त्याला फोनवर समजावलं, की तू हात उचललास तर तो क्रॉस केस, म्हणजे उलट तुझ्यावरच तक्रार, करेल आणि बहिणीऐवजी तुझ्या जामिनासाठी धावपळ होईल. दादाची ताकद मग रोज संध्याकाळी स्टॉपवर घ्यायला येण्यात कामी आली. असंख्य मुली घरी बोलत नाहीत त्या याच भीतीने, की त्रास देणारा मोकळा राहील आणि नोकरी, क्लास, बाहेर जाणं बंद होईल ते आपलं. आईबाबांनी माझी नोकरी चालू ठेवली, हा मला या सगळ्यातला सगळ्यात मोठा आधार वाटतो.

ऑफिसमध्ये अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार दिली. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ही समिती लागतेच, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. तो आमचा कर्मचारी नव्हता. पण त्रास देणारा बाहेरचा असला तरी पोलिसांत जायला बाईला मदत करणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याला गेटवरून आत सोडायचं बंद झालं, आणि त्याच्या फर्मला पत्र गेलं.

पोलीस ठाण्यात मावशीला बरोबर घेऊन गेले. तिला फक्त शेजारी बसायचं होतं, बोलायचं मीच असं आधीच ठरलेलं. ठाणे अंमलदार म्हणाले, प्रकार दोन हद्दींत झालाय, शिवाय मारहाण वगैरे काही नाही, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून देतो. मी टाइप केलेला अर्ज पुढे ठेवला. कलम ७८ दखलपात्र आहे, त्यामुळे एनसी नव्हे तर एफआयआर. हद्द कुठलीही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे माहिती नोंदवून घ्यायची असते, तो झिरो एफआयआर. आणि या कलमात बाईची फिर्याद महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. आवाज चढवला नाही, एवढंच म्हटलं की घेता येत नसेल तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून शिक्का मारून पोच द्या. ती पोच महत्त्वाची. ती घेऊन वरिष्ठांना, म्हणजे जिल्ह्यात अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, पोस्टाने लेखी कळवता येतं, आणि तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

तेवढी वेळ आली नाही. बऱ्याच वेळाने एक महिला उपनिरीक्षक आल्या. त्यांनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून वाचत गेल्या. मधेच बोट ठेवून विचारायच्या, "या मॅडम जबाब देतील?" "हा नंबर कुणी पाहिला?" नकाराच्या मेसेजची तारीख त्यांनी स्वतः वहीत पेन्सिलने अधोरेखित केली. फिर्याद त्यांनी माझ्या शब्दांत लिहिली, वाचून दाखवली, दोन ठिकाणी मी दुरुस्ती सांगितली ती केली. सही करायच्या आधी पूर्ण वाचून घ्या, दमला असलात तरी. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

मग त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, जी आधी कुणी बोललं नव्हतं. पहिल्या वेळेचा हा गुन्हा जामीनपात्र आहे. शिक्षा सात वर्षांहून कमी असल्याने बहुधा अटकही होत नाही, नोटीस देऊन बोलावतात. म्हणजे तक्रार झाल्याचं त्याला कळेल आणि तो बाहेरच असेल. आपल्याकडे 'एकदा तक्रार केली की सुटलो' असं समजतात, आणि मला वाटतं तेच सगळ्यात धोक्याचं आहे. नोटीस जाण्याच्या आधी मी मावशीकडे राहायला गेले. ऑफिसने काही दिवस घरून काम दिलं. वॉचमनकाकांना त्याचा फोटो दिला. ११२ स्पीड डायलवर होताच. उपनिरीक्षक मॅडमनी चॅप्टर केसचा प्रस्तावही पाठवला. त्यात कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात, जास्तीत जास्त एक वर्षाचा. माझ्या अनुभवात त्याच्यावर वचक बसला तो या बॉण्डचा. कोर्टाची तारीख त्याला लांबची वाटत होती, बॉण्ड मोडला तर काय होईल हे मात्र लगेच समजलं.

त्यानंतर त्याच्या नात्यातले लोक आले. मुलाचं करिअर, चूक झाली, आपसात मिटवू. बाबांनी चहा दिला आणि जे काही असेल ते कोर्टात, एवढं बोलून उठले. त्या भेटीचीही नोंद वहीत आहे, आणि ती तपास अधिकाऱ्यांना कळवली.

तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मला ते कळवलं गेलं. माझा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही झाला, शक्यतो महिला दंडाधिकारी देतात तशा त्या होत्या. पुढे चार्जशीट दाखल झाली. आता खटला सुनावणीच्या यादीत आहे, तारखा पडतात, कधी साहेब रजेवर असतात, कधी समोरचा वकील वेळ मागतो. मी नोकरीवर आहे आणि त्याच बसने जाते. जुना नंबर अजून चालूच ठेवलाय. बॉण्डची मुदत संपायच्या आधी वकीलताईंबरोबर ठाण्यात नवा अर्ज द्यायचा आहे, तो टाइप करून ठेवलाय.