तहानेनं संपलेले मॅमथ

"हिमयुग संपलं, उकाडा वाढला, मॅमथ मेले. एवढंच ना?" मॅमथबद्दल, म्हणजे हत्तीच्या नामशेष झालेल्या केसाळ भाऊबंदांबद्दल, आज कानावर पडलेलं हे वाक्य काही डोक्यातून जाईना.

बेरिंग समुद्रातलं, अलास्काचं सेंट पॉल बेट घ्या. बर्फ वितळून समुद्र चढला, जमिनीचा दुवा तुटला आणि मॅमथ तिथे अडकले. तरी हजारो वर्षं टिकले. शिकारी माणूस नव्हताच. बेटावर माणूस आल्याची पहिली नोंद १७८७ ची.

घात केला पाण्यानं. बेटावर ओढे नाहीत, गोड्या पाण्याची मोजकी तळी. हवा कोरडी होत गेली, तळं आटत गेलं आणि सगळे त्याच काठावर. तुडवून तुडवून काठची हिरवळ गेली, माती पाण्यात उतरली, तळं आणखी उथळ. आजच्या हत्तीलाच दिवसाला शंभरेक लिटर पाणी लागतं!

हे कळलं तळ्याच्या गाळातून. लिदीवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू आणि मॅमथचा डीएनए, दोन्ही सुमारे ५,६०० वर्षांपूर्वीच्या थरापाशी थांबतात. (लिदीला इतका मान क्वचितच मिळत असेल.)

रशियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावरचे मॅमथ मात्र पुढे दीडेक हजार वर्षं, थेट हडप्पा संस्कृतीच्या काळापर्यंत जगले. तिथे नद्या होत्या.