तेच गाणे, एकट्याचे आणि तिच्यासाठीचे

झेब्रा फिंच या चिमुकल्या पक्ष्याचा नर लहानपणी बहुधा पित्याकडून एक गाणे शिकतो, घोटून घोटून पक्के करतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ तेच गातो. ते तो एकटा असतानाही गातो आणि मादीसमोर प्रियाराधन करतानाही. आपल्या कानाला दोन्ही सारखीच वाटतात. मात्र ध्वनिमुद्रण मोजून पाहिले, तर एकट्याच्या गाण्यात प्रत्येक आवर्तनात सूर थोडा इकडेतिकडे सरकलेला आढळतो, आणि मादीसमोर गाताना लय किंचित वाढून प्रत्येक स्वर दरवेळी जवळपास तंतोतंत त्याच जागी लागतो. या विषयात मला सर्वाधिक खिळवून ठेवते ते हेच.

गाण्याची घडी बसवणारा मेंदूचा भाग म्हणजे एचव्हीसी. तेथून आरए या भागाकडे संदेश नेणारी प्रत्येक चेतापेशी एका आवर्तनात एकदाच, जेमतेम ६ मिलिसेकंद, स्फुरण पावते, असे २००२ मध्ये दिसून आले. अशा पेशी एकामागून एक पेटत जातात आणि आरएमार्फत श्वसनाच्या व स्वरयंत्राच्या स्नायूंना आज्ञा मिळतात. २००८ मध्ये मायकेल लाँग आणि मिशेल फी यांनी एचव्हीसी किंचित थंड केला, तेव्हा सुरांची रचना न बिघडता सगळे गाणेच संथ झाले.

मग सूर सरकतो कशामुळे? एलमॅन नावाचा एक भाग आरएला सतत छोटे छोटे धक्के देत असतो. एरिच जार्व्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले की नर एकटा गात असताना एलमॅन आणि एरिया एक्स या भागांत एक विशिष्ट जनुक जोमाने कार्यरत होते, आणि मादीसमोर गाताना ते बरेच शांत राहते. एलमॅन निकामी केल्यास एकट्याचे गाणेही मादीसमोरच्या गाण्याइतकेच आखीव होते. म्हणून एकट्याचे गाणे हा रियाज असावा, हे मत मला पटते: चुका करून पाहण्याची मुभा तेथे मेंदूच देतो आणि मादी दिसताच काढून घेतो.

गाण्याची ओढ मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी कॅनरी या दुसऱ्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या, वृषणे काढलेल्या नरांच्या मेंदूत, केवळ मीडियल प्रीऑप्टिक न्यूक्लियस या भागात, टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक पोहोचवले. ते नर पुन्हा भरपूर गाऊ लागले, परंतु संपूर्ण शरीराला टेस्टोस्टेरॉन मिळालेल्या नरांच्या गाण्याची सफाई त्यांच्या गाण्यात आली नाही.

आपल्याला न जाणवणारा तो सूक्ष्म फरक झेब्रा फिंचच्या मादीला कळतो. एकाच नराची दोन्ही गाणी ध्वनिवर्धकांवरून ऐकवली असता, मादीसाठी गायलेल्या गाण्याकडे ती अधिक ओढली जाते.