दहा थाऊ

मे महिन्यातली दुपार. रामबागेतल्या माझ्या दुकानाचं शटर मी अर्धं ओढून घेतलं होतं, कारण बाहेरची लू थेट कामाच्या टेबलावर येते. शटरखालून वाकून आधी एक लांबट काळी केस आत आली, मग ती धरलेला पंचविशीतला मुलगा आणि त्याच्या मागोमाग त्याचे वडील. बसायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, एवढंच सांगा, ही खरी आहे की नकली. नकली असेल तर तसं कागदावर लिहून द्या. पुढचं मी बघतो."

मुलगा नोकरीनिमित्त दोन वर्षं सिंगापूरला होता. तिथे त्यानं अमेरिकेत बनलेली एक इलेक्ट्रिक गिटार घेतली होती, वापरलेली, दोन लाख ऐंशी हजारांना. एप्रिलमध्ये तो इंदूरला परतला. तीन आठवड्यांत नेकच्या, म्हणजे गिटारच्या दांडीच्या, कडेवरून हात फिरवला की बोटांना टोचायला लागलं, आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारा खरखरायला लागल्या. कुणा मित्रानं मागची पट्टी उघडून आतली वायरिंग पाहिली आणि सांगितलं, ही नक्कल आहे. तेव्हापासून घरात बाप-लेकांचं बोलणं बंद.

केस उघडताना माझं लक्ष वडिलांच्या खिशाकडे गेलं. पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी होती. विचारलं तेव्हा कळलं, पिथमपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेली. मला एकदम हायसं वाटलं. माझे आजोबा याच जागेत सतारी आणि तंबोरे दुरुस्त करायचे आणि जवारी काढायचे. गिऱ्हाईक कानानं पारखणारं असलं की ते त्याला शेजारी बसवून घेत. हे गृहस्थ हातानं पारखणारे होते. मी त्यांना स्टूल दिलं आणि म्हटलं, "काका, मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मोजा."

भिंतीवरचा आर्द्रतामापक सतरा टक्के दाखवत होता. टोचण्याचं आणि खरखरण्याचं कारण मला तिथेच दिसलं होतं, पण ते लगेच बोलले असते तर ती माझी सारवासारव वाटली असती.

आधी कापसाचा बोळा घेऊन नेकच्या कडेवरून फिरवला. प्रत्येक फ्रेटपाशी कापसाचे तंतू अडकून राहिले. बावीसच्या बावीस फ्रेटना, दोन्ही बाजूंना, जवळजवळ सारखेच. काका पुढे वाकले. "म्हणजे लाकूड कच्चं होतं?"

लाकूड लांबीच्या दिशेनं फारसं हलत नाही. आडवं मात्र दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. फ्रेट असतात तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूचे. त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नसते. काही महागड्या गिटारांना स्टेनलेस स्टीलचेही असतात. या धातूला हवेच्या ओलाव्याशी देणंघेणं नाही. लाकूड आत गेलं, धातू होता तिथेच राहिला, म्हणून टोकं बाहेर डोकावली. सिंगापुरात बारा महिने हवा दमट. तिथून निघून हे लाकूड माळव्यातल्या मे महिन्यात येऊन पडलं. कितीही मुरलेलं असो, ते आकसणारच. मी काकांना भिंग दिलं. बाहेर आलेलं प्रत्येक टोक गोल घासलेलं होतं, गव्हाच्या दाण्याच्या टोकासारखं. स्वस्त गिटारीत ही टोकं एका झटक्यात तिरपी कापून सोडलेली असतात. बावीस फ्रेटची चव्वेचाळीस टोकं हातानं एकेक गोल करायला वेळ जातो, आणि वेळेलाच पैसे पडतात.

मग नेक उतरवायचं ठरवलं. मुलगा घाबरला. पण चार स्क्रूंनी नेक शरीराला जोडायची ही पद्धत त्याचसाठी आहे. १९५० च्या सुमारास लिओ फेंडरनं ती इलेक्ट्रिक गिटारीत रुजवली. तो स्वतः गिटार वाजवत नसे. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्यामुळे वस्तू उघडून पुन्हा जोडता आली पाहिजे हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. हे ऐकून काकांनी पहिल्यांदा मान हलवली.

तारा सैल केल्या, चारही स्क्रू काढले आणि गिटार नेक धरून उभी उचलली. शरीर खाली पडलं नाही. एकही स्क्रू नसताना ते नुसत्या खोबणीच्या पकडीवर लटकत राहिलं. काकांनी आपली फीलर गेज, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पानांची जुडी, काढली (ती त्यांच्या पिशवीत होती, घरातून निघताना का घेतली असेल कोण जाणे) आणि खोबणीच्या कडेला सहा थाऊचं, म्हणजे इंचाच्या सहा हजारांश जाडीचं, पान लावून पाहिलं. गेलं नाही. शेजारी माझी शिकवणीची चौदा हजारांची गिटार होती. तिच्या खोबणीत दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड सहज सरकतं. काकांनी तेही करून पाहिलं, दोनदा.

नेक हलकेच सोडवला. बुडाशी पेन्सिलनं दोन आद्याक्षरं आणि तारीख होती. ज्या माणसानं तो नेक घडवला त्यानं ती टाकली होती, आणि गिटार उघडल्याशिवाय ती कुणाला दिसणार नव्हती. काका बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत होते. म्हणाले, "आम्ही डायवर पंच मारायचो. आपल्या नंबराचा."

मित्रानं पाहिलेली वायरिंग मीही पाहिली. पोकळीला आतून तांब्याचा पत्रा होता, बाहेरची घरघर आत येऊ नये म्हणून. जोडण्या नीटस होत्या. एक मात्र खरं होतं: व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा रोध, नंतर कुणीतरी बदललेला होता आणि ते झाळकाम गचाळ होतं. मी ते तसंच सांगितलं. विकणाऱ्यानं ते लपवलं असेल तर ते चूकच, पण त्यामुळे गिटार नकली ठरत नाही. तो पॉटही योग्यच मापाचा होता, अडीचशे किलोओहमचा. पिकअप म्हणजे तारेचं कंपन टिपणारं चुंबकावरचं वेटोळं; एका वेटोळ्याच्या, सिंगल कॉइल पिकअपला सहसा तेवढाच लावतात. दोन वेटोळ्यांचा हंबकर असता तर पाचशेचा.

नेक पुन्हा बसवून तारा चढवायच्या आधी फ्रेटची उंची तपासायची होती. छोटी सरळ पट्टी एका वेळी तीन फ्रेटवर ठेवायची. मधला उंच असेल तर पट्टी डुगडुगते. हे काम मी काकांच्या हाती दिलं. त्यांनी तीन रेषांत, जाड तारांच्या बाजूला, मध्ये आणि बारीक तारांच्या बाजूला, पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. अर्धा तास गेला. मी चहा मागवला, तो निवला. पट्टी कुठेही डुगडुगली नाही. चौदा हजारांच्या गिटारीत सतराव्या आणि एकोणिसाव्या फ्रेटवर त्यांना डुगडुग लगेच सापडली.

"आणि ही अंतरं? ती कशावरून बरोबर?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला मनापासून आवडला. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, आजोबा ते रागानुसार सरकवून द्यायचे. गिटारचा फ्रेट खाच पाडून ठोकलेला असतो. खाच चुकली की ती गिटार जन्मभर बेसूर. तारेची लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४७.७ मिलिमीटर. तिला १७.८१७ नं भागलं की पहिल्या फ्रेटचं अंतर मिळतं. उरलेल्या लांबीला पुन्हा तेवढ्यानंच भागायचं, की दुसऱ्याचं. असं करत बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर येतो. काकांनी माझ्याच बिलबुकाच्या मागे भागाकार केला, ३६.३५. मग व्हर्नियर लावला. मग चष्मा पुसून परत लावला. काही न बोलता त्या आकड्याखाली त्यांनी रेघ ओढली.

लोक मला विचारतात, एवढे पैसे कशाचे? माझं मत मी स्पष्ट सांगते. सोनेरी मुलामा आणि वरच्या मेपलच्या लाटांसारख्या रेषा यांचे पैसे डोळ्यांसाठी असतात. ते द्यायला हरकत नाही, पण ते ओळखून द्यावेत. पैसे जावेत ते फ्रेटच्या कामात, नेकच्या सांध्यात, हाडाच्या नटमधल्या सहा खाचांत. नट म्हणजे आपल्याकडची अटी. तिच्यातली खाच केसभर जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते, वर राहिली की पहिल्याच फ्रेटवर सूर चढतो. तिथे यंत्राचा उपयोग एका हद्दीपर्यंतच, पुढे हात लागतो.

फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट ठोकलेली नेकवरची लाकडी पट्टी, पुसताना काका एकदम म्हणाले, "हे शिसवी दिसतंय. आमच्या आईच्या झोपाळ्याचं लाकूड." तेच होतं. ब्राझीलचं रोजवुड मिळेनासं होत गेलं तसे साठच्या दशकापासून अमेरिकी कारखाने भारतीय शिसवीकडे वळले. २०१७ साली या जातीच्या सगळ्याच लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि वाद्यं परदेशी नेणाऱ्यांच्या मागे कागदपत्रं लागली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. इथल्या जंगलातलं लाकूड अमेरिकेला गेलं, तिथून सिंगापूरला आणि आता रामबागेत माझ्या टेबलावर आलं. मुलगा पहिल्यांदाच वडिलांकडे बघून बोलला, "बाबा, मला हे माहीतच नव्हतं."

तारा चढवून सुरात आणल्या. एक तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली, तर मध्ये सातव्या फ्रेटपाशी तारेखाली जी थोडी फट हवी ती नावालाही नव्हती. कोरड्या हवेत नेक मागे झुकला होता, खरखर त्याचीच. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली ताण देणारी सळई, पाव फेरा सैल केला, पुन्हा सूर मिळवला, थांबलो. काकांनी पानं बदलून बदलून पाहिली. दहा थाऊचं पान हलकं घासून गेलं. मुलानं वाजवून पाहिलं. खरखर गेली होती.

फ्रेटच्या टोकांना मात्र मी कानस लावली नाही. मुलगा आग्रह करत होता, पण ज्यानं ती टोकं गोल केली त्याच्या कामावर इतक्या घाईनं कानस फिरवायला हात धजेना. भोकं पाडलेली साबणाची डबी, तिच्यात ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, आणि एक छोटा आर्द्रतामापक केसमध्ये ठेवून दिला. सांगितलं, पन्नासच्या आसपास ठेवा, गिटार केसबाहेर विसरू नका, तीन आठवड्यांनी या. कागदावर काय लिहून देऊ, असं विचारलं तर काका म्हणाले, "राहू द्या."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं आले. मुलगा ऑफिसला जातो, त्यामुळे स्पंज रोज सकाळी काकाच ओला करत होते. त्यांनी कालनिर्णयचं मे महिन्याचं पान फाडून आणलं होतं, मागे तारखेनुसार आकडे: २४, ३१, ३८, ४४, मग ४७-४८ वर स्थिर. मी कापसाचा बोळा फिरवला. तो फक्त विसाव्या आणि एकविसाव्या फ्रेटवर अडकला, बारीक तारांच्या बाजूला. तिथे दोन-दोन हलके हात कानशीचे मारले आणि काम संपलं.

काकांनी फीलर गेज काढून दहाचं पान घातलं, ते तसंच घासून गेलं.

"पावसात लाकूड फुगेल, तेव्हा ही फट वाढेल ना?" त्यांनी विचारलं.

"वाढेल. ऑगस्टमध्ये घेऊन या."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्याच पानावर खाली लिहिलं, ऑगस्ट, रामबाग, दहा थाऊ.